सात नंबरचा दगड

भिंतीवर नकाशा लावलेला होता आणि त्या नकाशात माझं गाव होतं.

मला आधी वाटलं, उन्हाने डोळ्यांपुढे काहीतरी येतंय. त्र्याहत्तर सालचा मे महिना. कलकत्त्याच्या डलहौसीतलं आमचं हेड ऑफिस, वीज गेलेली, पंखे बंद, आणि प्रत्येकाच्या सदऱ्याला घामाचे डाग. मी एका सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. केमिस्टला बैठकीला बोलावतात ते फक्त झापायला, त्यामुळे मी आधीच वैतागून गेलो होतो. कुठल्या तरी कारखान्यातला माल बिघडला असणार आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटणार, एवढंच मनात होतं.

आणि समोर पाहतो तर पांढरझिरा. वणीच्या पुढे जिथे रस्ता संपतो तिथून आणखी नऊ मैल आत. निरगुडी नदीचं वळण, दोन्ही बाजूंचे डोंगर, मधलं अरुंद खोरं. डाव्या डोंगरावर लाल शाईची बारा वर्तुळं काढलेली होती आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी नंबर होता. पी एक, पी दोन, असे थेट पी बारापर्यंत.

ते नंबर मीच दिलेले होते.

“या, दत्तबाबू, या!” आमचे मुख्य भूगर्भतज्ज्ञ सान्यालसाहेब म्हणाले. माझं नाव चारुदत्त मुळावकर. पण मुळावकर कोणाच्या तोंडात मावेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात या लोकांनी माझा चारू दत्त करून टाकला, आणि बावीस वर्षं मी बंगाली माणूस म्हणून सुखाने पगार घेतला. “हे बघा, तुमचंच लेकरू आहे. इतकी शुद्ध चुनखडी मी माझ्या नोकरीत पाहिलेली नाही. मॅग्नेशिया एक टक्क्याच्या आत! आणि हे आपल्याच रजिस्टरमध्ये तीन वर्षं पडून होतं, कोणाचं लक्षच नाही.”

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. चक्क माझ्यासाठी. मी त्या टाळ्या ऐकत उभा राहिलो.

थंडीत कंपनीची दोन माणसं जीप घेऊन खोऱ्यात जाऊन आली होती. गावकऱ्यांना वाटलं, सरकारची दुष्काळाची पाहणी आहे. त्यांनी त्या दोघांना चहा पाजला आणि सगळा डोंगर हिंडवून दाखवला. डोंगर आतपर्यंत एकसंध होता आणि तीस वर्षं सहज पुरला असता. खाणीच्या परवान्याचा अर्ज गेला होता, सुनावणी जुलैत होती.

“तिथे एक झरा आहे,” मी कसाबसा म्हणालो.

सान्यालांनी नकाशावर वाकून पाहिलं. “अच्छा, हा? सुरुंग लागले की असे झरे आटतातच. गावाला विहीर खोदून देऊ.”

“आणि गुंफा?”

“संरक्षित वास्तूंच्या यादीत तिथलं काहीही नाही. तपासून घेतलंय मी.” ते हसले आणि त्यांनी खिशातून पानाची डबी काढली. त्या पानाला लावलेला चुनाही पांढरझिऱ्याचाच होता. दर दिवाळीला मीच त्यांना आणून देत असे.

हे नंबर नकाशावर गेले कसे, ते आता सांगतो. सांगताना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण सांगतो.

आमच्या खोऱ्यात सगळं पांढरं. वाटेवरची धूळ पांढरी, नदीचे काठ पांढरे, आणि भट्टीवर काम करणाऱ्या माणसांच्या कोपरांवर चुन्याने भाजल्याचे डागही पांढरे. ओढे मध्येच जमिनीत गडप होतात आणि दोन मैलांवर वर येतात. झऱ्याचं पाणी उन्हाळ्यातही दातांना झोंबेल इतकं गार, पण त्यात डाळ शिजत नाही. बाहेरून लग्न होऊन आलेली प्रत्येक पोरगी पहिला आठवडा चुलीपुढे रडते, मग शेजारीण येऊन सांगते की बाई, डाळीला नदीचं पाणी घे. चुनखडी भाजून चुना करणं हा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. पण त्याला एक नियम होता. नदीने वाहून आणलेला दगडच भाजायचा, डोंगराला लोखंड लावायचं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं सांगायची की झरा रागावतो. मी बी.एस्सी. झाल्यावर यावर पुष्कळ हसलो होतो.

झऱ्याच्या वरच्या अंगाला गुंफा आहे. एका ओळीत कोरलेल्या बारा खोल्या. कोणी कोरल्या ते कोणालाच ठाऊक नाही. दर पाडव्याला वर्षातला पहिला चुना झऱ्याच्या पाण्यात भिजवायचा आणि गुंफेची दर्शनी भिंत त्याने पांढरी करायची, ही गावाची रीत. किती शतकांची पुटं होती देव जाणे, बोटभर जाडीचा थर साचला होता.

या गावात माझी बहीण राहते. शकुनआक्का, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला आक्कानेच वाढवलं, नागपूरला शिकायला पाठवलं, आणि स्वतः लग्नाच्या भानगडीत न पडता गावच्या शाळेत मास्तरीण झाली. आपली गुंफा सरकारने संरक्षित करावी, हा तिचा ध्यास. सत्तर साली कोण्या साहेबाने तिला सांगितलं की दगड कुठला, कसा, टिकाऊ आहे की नाही, याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. आक्काला केवढा आनंद झाला! घरचाच तज्ज्ञ होता.

मी तिला पत्र लिहिलं. ते पत्र मला शब्दन्‌शब्द पाठ आहे, कारण लिहिताना मी स्वतःवर फार खूश होतो. ‘सुटे दगड चालणार नाहीत. बाराही खोल्यांच्या दारांशी एकेक तुकडा ताजा फोडून घे. नारळाएवढा. प्रत्येकाची जागा नीट लिहून पाठव.’ म्हणजे डोंगराला घण लाव, असंच मी सांगत होतो. मी त्याच गावात जन्मलो, त्याच झऱ्याचं पाणी प्यायलो, आणि हे लिहिताना मला तो नियम आठवलासुद्धा नाही.

तिला आठवला होता. तिने सगळं गाव गुंफेपाशी गोळा केलं आणि समजावून सांगितलं की हे गुंफेच्या भल्यासाठीच आहे, माझा भाऊ कलकत्त्याला आहे, तो सगळं नीट करेल. घण उचलायला कोणी पुढे होईना, तेव्हा तिने स्वतः उचलला. भट्टीवाले श्यामराव, गावातले सगळ्यांत वयस्क, ते पाठ करून उभे राहिले. बाराही तुकडे फुटेपर्यंत त्यांनी तोंड वळवलं नाही.

पेटी रेल्वे पार्सलने हावड्याला आली. माझी बायको सरला म्हणाली, “अहो, रविवारी गुपचूप जाऊन करून टाका की. कोणाला कळणार आहे?” पण मी पडलो हरिश्चंद्राचा अवतार. कंपनीच्या प्रयोगशाळेत चोरून काम? छे! मी सान्यालांची रीतसर परवानगी काढली. दळणयंत्रात जे जे जाईल त्याला नंबर द्यायचा आणि रजिस्टरमध्ये ठिकाण लिहायचं, हा तिथला नियम, तोही पाळला. आक्काने लिहिलेल्या जागा मी इतक्या काळजीने उतरवल्या की नवखा माणूसही थेट जाऊन पोचला असता. काही तुकड्यांवर चुन्याची जाड पुटं होती. त्याने परीक्षा बिघडते, म्हणून मी ती तारेच्या ब्रशने खरवडून काढली. मग दगड फोडले, दळले, तपासले आणि सुबक दाखला आक्काला पाठवला. तो दाखला कुठल्याशा फायलीत गेला आणि तिथेच राहिला. माझं रजिस्टर मात्र सान्यालांनी वाचलं.

बैठक झाली सोमवारी. बुधवारी आक्का येणार होती.

तिच्या येण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते कळल्यापासून आमच्या घरात सणासारखं वातावरण होतं. दुष्काळात आजूबाजूच्या विहिरी कोरड्या पडल्या. आमचा झरा तेवढा वाहत राहिला आणि सात गावं त्यावर जगली. अशा वेळी पाणी चुन्यात घालणार कोण? म्हणून यंदाच्या पाडव्याला, कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदाच, भिंत पांढरी केली नाही. उन्हाने जुनी पुटं तडकली आणि एका दुपारी सातव्या खोलीच्या दारावरचा अख्खा पापुद्रा खाली आला. आत अक्षरं होती. चांगल्या नऊ-दहा ओळी.

आक्काने कागद ओला करून भिंतीवर थापला, वरून शाईचा बोळा फिरवून अक्षरांचा ठसा घेतला आणि नागपूरच्या एका प्राध्यापकांना दाखवला. ते म्हणाले, हे वाचणारा माणूस कलकत्त्यात आहे. जुन्या लिप्यांचे मोठे जाणकार, लाहिडी मास्तर, आता निवृत्त.

हावड्याला गाडीतून उतरली तेव्हा तिच्या काखेत धोतरात गुंडाळलेली कागदाची सुरळी होती. एक दिवस आणि एक रात्र प्रवास केला, पण ती सुरळी तिने कोणाच्या हाती दिली नव्हती. मी घ्यायला गेलो तर माझ्याही हाती देईना.

“काहून असा पाहतो?” ती म्हणाली. “तब्येत बरी नाही का तुझी?”

“उकाडा आहे,” मी म्हणालो.

नकाशाचं मी तिला सांगितलं नाही. मनात हिशेब केला, आणि तो मला मोठा शहाणपणाचा वाटला. लाहिडींनी लेख वाचला की गुंफा यादीत जाईल, यादीत गेली की सुरुंग बंद, झरा सुरक्षित. मग सांगायचं कशाला? माझी चूक पोटातच राहील आणि कोणाचं नुकसानही होणार नाही. बेहालाच्या आमच्या घरी दिवसभर आक्का सरलाला अक्षरांच्या गोष्टी सांगत होती. मी मान हलवत होतो.

गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही सियालदह स्टेशनमागच्या एका गल्लीत लाहिडी मास्तरांकडे गेलो. ऐंशीच्या घरातला माणूस, अंगावर नुसता पंचा. तिथेही वीज नव्हती. त्यांनी खिडकीजवळच्या चटईवर ठसा पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली आणि त्यावर पालथे झाले. पाऊण तास ते एकेक अक्षर लावत राहिले.

मग हळूहळू हिंदीत सांगू लागले.

“हा डोंगर पाण्यासकट दान दिला आहे. बारा खोल्यांत राहणाऱ्यांना.” त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. “आणि चुना भाजणाऱ्या लोकांना... थांबा... नदी जो दगड आणेल तो त्यांनी घ्यावा. डोंगराला लोखंड लावू नये. लावील त्याचं पाणी...” ते अडखळले. “पुढचं अक्षर नीट लागत नाही. पण पाणी जाईल, असाच अर्थ दिसतो.”

आक्काने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

“मास्तर,” ती म्हणाली, “आमच्याकडे अजून तसंच करतात.”

“काय करतात?”

“नदीचाच दगड घेतात. डोंगराला हात लावत नाहीत.”

लाहिडी उठून बसले. “अजून?”

“अजून.”

म्हाताऱ्याने चष्मा काढला आणि पंच्याच्या टोकाने डोळे पुसले. ज्या नियमाला मी हसलो होतो तो दगडावर लिहिलेला होता. पंधराशे वर्षं आमची अडाणी माणसं तो न वाचता पाळत आली होती, आणि तो मोडायला गावातला पहिला पदवीधर व्हावा लागला!

“पंधराशे वर्षं, हा माझा अंदाज हं,” लाहिडी म्हणाले. “अक्षरांच्या वळणावरून. आता अडचण सांगतो.” त्यांनी ठशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे कागद कोरा होता, नारळाएवढ्या जागेत. “पहिल्या दोन ओळींची सुरुवात नाही. दान देणाऱ्याचं नाव, राजाचं नाव आणि साल इथेच असतं. ते मिळालं तर मी आजच्या आज लिहून देतो आणि गुंफेच्या अर्जाला कोणी हात लावू शकणार नाही. ते नसेल तर कोणी पंधराशे वर्षं म्हणेल, कोणी आठशे, कोणी म्हणेल बनावटच आहे. पाच वर्षं फाइल हलणार नाही. आणि ही मोड जुनी नाही, बरं का. मोडलेल्या कडा तीक्ष्ण उठल्यात. तीन-चार वर्षांतली आहे. कोणी केलं हे?”

आक्का हसली. अगदी मोकळं, लहानपणी मी बक्षीस घेऊन घरी आलो की हसायची तसं.

“त्याची काळजीच नको, मास्तर. तो तुकडा मीच फोडलाय. सातव्या खोलीच्या दारावरचा. वर चुना होता, आत काय आहे ते कोणाला ठाऊक? पण तो हरवलेला नाही. माझ्या भावाजवळ आहे, त्याच्या प्रयोगशाळेत!”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मला तो दगड आठवला. सात नंबर. चुन्याचं पूट सगळ्यांत जाड त्याच्यावर होतं आणि ब्रश मारताना मी घामाघूम झालो होतो. पूट निघाल्यावर खाली रेघा दिसल्या होत्या. काही उभ्या, काही वळलेल्या. मी त्यांच्यावरून अंगठा फिरवला होता, हेही मला आठवलं. कोण्या गुराख्याने कधी काळी ओरखडे काढले असतील, असं मला वाटलं. तरी मी शिस्तीचा माणूस, म्हणून रजिस्टरमध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पृष्ठभागावर रेघा. नगण्य.’ आणि दगड यंत्रात टाकला.

“उद्या घेऊन याल?” लाहिडींनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

हो म्हणालो मी! काय माणूस आहे मी, मलाच कळत नाही. परतताना ट्राममध्ये आक्का खिडकीशी बसून एकटीच बोलत होती. गावात गेल्यावर श्यामरावांना कसं सांगेन, त्यांना लेख कसा वाचून दाखवेन, पुढच्या पाडव्याला ती जागा सोडून बाकीची भिंत कशी रंगवू. वाटेत उतरून तिने सरलासाठी संदेश मिठाई घेतली. मी तो पुडा हातात धरून घरी आलो.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळा उघडल्याबरोबर मी मागच्या खोलीत गेलो. दळलेल्या प्रत्येक नमुन्यातला थोडा भाग बाटलीत ठेवायची पद्धत आहे, पुढे कधी वाद झाला तर पुन्हा तपासता यावा म्हणून. वरच्या फळीवर, धुळीत, पी सात सापडली. बूच लाखेने बंद केलेलं आणि चिठ्ठीवर माझं अक्षर. मी ती रुमालात गुंडाळून अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

जेवणाच्या टेबलावर आक्का ठसा पसरून बसली होती. त्या कोऱ्या कोपऱ्यावर तिने दगडासाठी जागा करून ठेवली होती. मी तिथे बाटली ठेवली.

“हे काय?”

“सात नंबर.”

“आणि दगड?”

“हाच.”

तिने बाटली उचलली आणि उजेडात धरली. आत पांढरी भुकटी होती, मैद्याहून बारीक. तिला कळेना. तिने माझ्या मागे पाहिलं, मी आणखी काही आणलंय का म्हणून.

“मी दळला, आक्का. बाराही दळले. दळल्याशिवाय परीक्षा होत नाही.”

“पण तू तर दाखला पाठवला होता. दगड परत ठेवले असशील ना कुठे?”

“नाही.”

“अक्षरं होती त्याच्यावर?”

“रेघा होत्या.”

“तुला दिसल्या?”

“दिसल्या.”

“मग?”

“नगण्य लिहिलं मी.”

सरला स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिने पदर तोंडावर धरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी नकाशाचंही सांगितलं. लाल वर्तुळं, परवाना, जुलै, सगळं.

आक्का रडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली, ओळख विसरल्यासारखी. मग म्हणाली, “ती बारा वर्तुळं. मी तुला लिहून दिलेल्या जागाच का?”

“हो.”

“श्यामरावांनी पाठ फिरवली तेव्हा मी मोठ्याने म्हटलं होतं, माझा भाऊ आहे तिथे. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं होतं.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताटावर बसली नाही. सरला “वन्सं, दोन घास तरी,” म्हणत मागे फिरत राहिली. शनिवारी सकाळी आक्का एकटीच सुरळी काखेत घेऊन सियालदहला गेली. कलकत्त्यात कधी एकटी बसमध्ये न चढलेली बाई. दुपारी परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

“मास्तर म्हणतात, साल काही आता मिळणार नाही. पण लेखाचा कोपरा ताजा फुटलेला दिसला की लोक म्हणतील, गावकऱ्यांनी खाणीच्या भीतीने आताच कोरलंय. तेव्हा तो कोपरा सत्तर साली कसा फुटला, त्यावर चुन्याखाली रेघा होत्या, आणि तो पुढे कुठे गेला, हे कोणीतरी लिहून दिलं पाहिजे. मग निदान गुंफेचा अर्ज फेकून देणार नाहीत. सुनावणी लांबवता येईल. तू लिहून दे.”

“कंपनीला कळेल,” मी म्हणालो. स्वतःचीच लाज वाटली, पण तोंडातून तेच निघालं. बावीस वर्षांची नोकरी. कंपनीच्याच परवान्याविरुद्ध कंपनीच्याच केमिस्टचा कागद! सान्याल मला एक दिवस ठेवणार नाहीत.

“कळेल,” आक्का म्हणाली.

रविवारी दुपारची गाडी होती. सकाळी मी निवेदन टाइप केलं, तीन वेळा फाडलं, चौथा कागद खिशात घातला. हावड्याच्या फलाटावर तिच्या ट्रंकेशेजारी उभं राहून तो तिला दिला. तिने चष्मा लावून वाचला. शाळेतल्या पोरांचे पेपर वाचते तसा, पेन हातात घेऊन.

“‘नमुना स्वच्छ करून दळण्यात आला,’” ती वाचत म्हणाली. “‘एका कर्मचाऱ्याने पृष्ठभागावर रेघा पाहिल्याची नोंद आहे.’ कोण हा कर्मचारी?”

“आक्का...”

“आणि ‘डोंगरातून तुकडा काढण्यात आला.’ कोणी काढला?”

हमाल ओझी घेऊन आमच्यामधून जात होते.

“त्या दगडावर एका माणसाचं नाव होतं, चारू,” ती म्हणाली. “त्याने डोंगर राखायला सांगितला. पंधराशे वर्षं ते नाव तिथे होतं आणि आपण दोघांनी ते पुसून टाकलं. आता ते कोणालाच कधी कळणार नाही. निदान फोडणाऱ्यांची नावं तरी राहू दे.”

मी ट्रंकेच्या झाकणावर कागद ठेवला. ‘कर्मचारी’ खोडून वर चारुदत्त माधव मुळावकर लिहिलं. तुकडा काढण्यापुढे शकुन माधव मुळावकर लिहिलं. रेघांच्या वाक्यापुढे ‘नगण्य’ हा माझा शब्दही तिने मला लिहायला लावला.

तिने बाटली पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवली होती. ती काय करणार आहे, ते मी विचारलं नाही. गावाला दाखवणार, हे उघड होतं.

गाडीने पहिली शिट्टी दिली. आक्काने कागद पुन्हा एकदा वाचला आणि परत माझ्यापुढे धरला.

“राहणार कुठे, ते लिहिलं नाही.”

मी ‘बेहाला’ लिहायला लागलो.

“ते नाही,” ती म्हणाली.

मी ते खोडून पांढरझिरा लिहिलं आणि खाली सही केली. त्या गावात मी पुन्हा पाऊल कसं टाकणार होतो, ते मला तेव्हा कळत नव्हतं. अजूनही कळलेलं नाही.